बेसबॉलचे सर म्हणतात ‘वरून खाली मार’, पोरगं पार गोंधळलंय

टर्नर_कुपवाड (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११.२०

मंडळी, नमस्कार. नेहमी नुसता वाचतो, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

कुपवाड एमआयडीसीत माझं दोन लेथचं वर्कशॉप आहे, घर विश्रामबागेत. धाकटा नववीत. दीड वर्षापासून शाळेच्या बेसबॉल संघात आहे, सॉफ्टबॉलही खेळतो. (आमच्याकडे दोन्हीला पोरं तीच, सर तेच, ग्राउंड तेच.) मी स्वतः आठ वर्षं क्लब क्रिकेट खेळलोय, त्यामुळे त्यानं हा खेळ निवडला तेव्हा नाक मुरडलं होतं. आता सवय झाली.

भानगड अशी. सरांचा हट्ट आहे की मागचं कोपर खांद्याच्या वर ठेवायचं आणि बॅट वरून खाली आणायची, लाकूड फोडतात तशी. बॉल जमिनीवरच गेला पाहिजे. पोरगं रात्री यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतं, त्यात सगळे खालून वर मारताना दिसतात. मग मैदानावर सरांचं आणि घरी गच्चीवर यूट्यूबचं. धड हेही नाही नि धड तेही नाही. पंधरा दिवसांत बॅटला बॉल लागायचाच कमी झालाय.

आज सरावाच्या मॅचमध्ये त्यानं एक बॉल थेट कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन आपटला. मी तिथं नव्हतो, त्याच्या मित्राकडून कळलं. सरांनी शाबासकी द्यायची सोडून त्याला बाहेर काढलं, सगळ्यांसमोर शंभर कोरडे स्विंग (बॉलशिवाय नुसती बॅट फिरवणं) मारायला लावले, आणि वर ‘सांगितलेलं करायचं नसेल तर उद्यापासून यायचं नाही’. घरी आला, आमटीभात नुसता चिवडला आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपला. तळहाताला दोन फोड आलेत, त्यातला एक फुटलाय.

जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर. सरांशी बोलू? मुख्याध्यापकांकडे जाऊ? की तोंड मिटून बसू? आणि मुळात बरोबर कोण, सर की यूट्यूब? मला क्रिकेटच्या बॅटीपलीकडे काही कळत नाही.

खोडसाळ | शनिवार, रात्री ११.३४

विजय हजारे सांगलीत जन्मले, स्मृती मानधना माधवनगरची, आणि तुमचं पोरगं बेसबॉल खेळतंय. सांगलीकरांनी तुम्हाला अजून वाळीत कसं टाकलं नाही?

आई_दोघांची | रविवार, सकाळी ७.०५

खोडसाळ, सकाळी सकाळी नको.

टर्नरदादा, मुख्याध्यापकांकडे अजिबात जाऊ नका. माझ्या थोरलीच्या खो-खोच्या वेळी मी गेले होते. तक्रार रीतसर होती, खरीही होती. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं, सरांनी मान डोलावली, आणि पुढचं वर्षभर लेक राखीव खेळाडूंत पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली. कुणी काही बोललं नाही, नुसतं नाव लागलं नाही. अर्थात सरांनी हात उचलला किंवा शिवी दिली तर गोष्ट वेगळी, तेव्हा थेट लेखी द्यायचं.

आधी पोराला विचारा, त्याला काय हवंय. तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलात, त्यात तो स्वतः काय म्हणतो ते एका ओळीतही नाही.

डेटावाला | रविवार, सकाळी ८.४०

मूळचा मिरजेचा, सध्या न्यू जर्सी. माझा मुलगा इथे बेसबॉल खेळतो, म्हणून थोडं लिहितो.

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, सपाटीवर उभा नसतो. १० इंच उंचीच्या मातीच्या ढिगावरून टाकतो, तोही हात डोक्यावरून आणून. त्यामुळे ६० फूट ६ इंच अंतर कापून येणारा बॉल होम प्लेटवर (फलंदाजासमोरच्या जमिनीवरच्या पाटीवर) येताना खाली उतरत असतो, साधारण पाच ते दहा अंशांनी. आता मिरज जंक्शनचे रूळ डोळ्यापुढे आणा. बॅट थोडी वर जात त्याच रेषेत आली तर ती रुळावरून समोरासमोर आली, जरा लवकर किंवा जरा उशिरा झाला तरी गाठ पडणारच. बॅट वरून खाली आली तर ती रूळ आडवा ओलांडतेय. गाठ एकाच बिंदूवर, तिथं चुकला की संपलं.

हे काही आजकालचं खूळ नाही. १९४१ च्या मोसमात .४०६ ची सरासरी (म्हणजे हजारात ४०६ यशस्वी फटके) काढणारा अमेरिकन फलंदाज टेड विल्यम्स हेच सांगायचा, की स्विंग किंचित वर जाणारा हवा. २०१५ पासून तिकडच्या सगळ्या मोठ्या मैदानांवर प्रत्येक फटक्याचा कोन मोजला जातो. १० अंशांच्या खाली निघालेला बॉल जमिनीवर लोळतो, १० ते २५ मध्ये सणसणीत सरळ जातो, २५ ते ३० मध्ये जोर असेल तर मैदानाबाहेर. ५० च्या वर गेला की नुसता उंच उडतो आणि कुणीतरी आरामात झेलतो. लाकूड फोडायचा सल्ला तिथं कधीच मागे पडलाय.

थोडक्यात, सर चूक आहेत.

जुने_पीटी_सर | रविवार, सकाळी १०.१५

तीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. सांगली, सातारा दोन्ही जिल्ह्यांत. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. तरीही हे वाचून बोटे शिवशिवली.

डेटावाला साहेब, तुमचे कोन मान्य. आता आमच्या मैदानावर या. पिचरचा ढीग नाही, सपाट जमीन. पावसाळ्यात अर्धे मैदान चिखल, उरलेल्या अर्ध्यात खडे. चाळीस मुले, बॅटी तीन, हेल्मेट दोन. शाळेच्या स्पर्धेत जमिनीवरून गेलेला बॉल खड्यावर उडतो, फिल्डरच्या गुडघ्याला लागतो, त्याने उचलून फेकला तर पहिल्या बेसवाल्याच्या (धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावरच्या फिल्डरच्या) डोक्यावरून जातो. फलंदाज दुसऱ्या बेसवर! हवेत उडवलेला बॉल मात्र ही क्रिकेट खेळलेली पोरे डोळे झाकून झेलतात. उघड्या हाताने झेलायची सवय, इथे तर हातात ग्लोव्ह. सांगा, शिक्षकाने काय शिकवायचे?

त्यात बहुतेक शिक्षक मूळचे सॉफ्टबॉलचे. तिथे पिचर खालून टाकतो, ढीग नाही, बेसमधले अंतर ६० फूट. बॉल जमिनीवर मारा आणि पळा, हे तिथे फळते. बेसबॉलला बेसमधले अंतर ९० फूट. फिल्डरला फेकायला तीस फुटांचा जास्तीचा वेळ मिळतो. जिल्ह्याच्या वर गेले, समोरचे क्षेत्ररक्षण पक्के असले, की जमिनीवरच्या फटक्याचा भाव उतरतो. हेही तितकेच खरे आहे, कबूल करतो.

पण ‘सर चूक आहेत’ हे मैदान न बघता लिहू नये.

डेटावाला | रविवार, सकाळी १०.५२

सर, खड्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. वाक्य मागे घेतो. अर्धं.

नदीकाठचा | रविवार, दुपारी १२.३०

आवो टर्नर, ही कोनं-बिनं ऱ्हाऊ द्या बाजूला. पोरगं उपाशी झोपलं ते बगा आदी. आन फोड आल्याला हात मिठाच्या पाण्यात घालू नगासा, लई झोंबतंय. खोबरेल लावा.

आमी बी आमराईत पोरं घिऊन जातो. पोरास्नी तीन मास्तर झालं की पोरगं येडं हुतंय. एक सर, एक बा, एक मोबाईल. तुमी तिघांतलं कोन कमी हुनार त्ये ठरवा.

सॉफ्टबॉलवाली | रविवार, दुपारी ३.४५

मी राज्य पातळीवर सॉफ्टबॉल खेळले, नंतर दोन वर्षं बेसबॉलही. आता बँकेत आहे आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलींना शिकवते. तुमचा धागा दोनदा वाचला. बरंच लिहायचंय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. कोच जे बोलतो ते आणि शरीर प्रत्यक्ष जे करतं ते यांत फरक असतो. मी मुलीला ‘सपाट मार’ म्हटलं तर तिची बॅट वर जाते. ‘खाली मार’ म्हटलं तर ती सपाट येते. खरोखर खाली मारणारी मुलगी मी क्वचितच पाहिली. म्हणजे ‘वरून खाली’ हे बऱ्याचदा वर्णन नसतं, औषध असतं. ते कुठल्या आजारावर दिलंय ते आधी बघा. माझा अंदाज, तुमचा मुलगा मागचा खांदा पाडतोय. क्रिकेटमधून आलेली मुलं, किंवा हात छोटे आणि बॅट मोठी असलेली मुलं हमखास पाडतात. खांदा पडला की बॅटचं टोक खाली लोंबतं, मग ते वर आणावंच लागतं. छातीच्या उंचीचा बॉल आला की खालून लागतो आणि सरळ आकाशात.

यूट्यूबमधला वर जाणारा स्विंग तो हा नव्हे. त्यात खांदे कंबरेच्या मागोमाग फिरतात आणि शेवटी बॅट थोडी वर निघते. तुमचा मुलगा नुसते हात वर नेत असणार.

दुसरी गोष्ट, कोपर. उभं राहताना मागचं कोपर किती वर, यानं फारसं बिघडत नाही. चांगले खेळाडू वर ठेवूनही मारतात, खाली ठेवूनही मारतात. बॅट फिरायला लागली की ते कोपर बरगडीजवळ खाली यायलाच लागतं. ते वरच अडकलं तर हात लांबून फिरतात आणि उशीर होतो. सर म्हणतात तसं सुरुवातीला वर ठेवू दे. भांडण्यासारखा मुद्दाच नाही तो.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. बॅट केवढी आहे? लांबी आणि वजन दोन्ही सांगा. बुंध्यावर किंवा मुठीच्या गोट्यावर इंच आणि औंस छापलेले असतात. नसतील तर मोजा. मुलाला एका हातानं मूठ धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ करायला सांगा. पंधरा-वीस सेकंदांच्या आत हात थरथरला, तर ती बॅट त्याची नाही.

आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. मागून नाही, बाजूनं, पोटाच्या उंचीवरून. तीन फटके ‘सरांसारखे’, तीन ‘यूट्यूबसारखे’, तीन ‘काही विचार न करता’. त्याला आधी दाखवू नका. आधी तुम्ही बघा.

आई_दोघांची | रविवार, दुपारी ४.१०

‘वर्णन नसतं, औषध असतं’. वाचनखूण साठवली.

टर्नर_कुपवाड | सोमवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. आज सरांना फोन करून शाळेची बॅट एका दिवसासाठी मागून घेतली. ‘हाताची मूठ बघायचीय’ म्हणालो, खोटं नव्हतं.

वर्कशॉपच्या काट्यावर ठेवली. छापलेलं पुसट वाचता आलं: ३३ इंच, ३० औंस. म्हणजे ८५० ग्रॅम. काटा ९१० दाखवत होता. मूठ बघितली तर तीन थर! मूळ रबर, त्यावर सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली, त्यावर क्रिकेटची ग्रिप. कुठल्या तरी मोठ्या पोराच्या हाताला जाड मूठ लागत असणार. माझ्या पोराची उंची पाच फूट एक इंच, त्याची बोटं या मुठीभोवती पुरती मिटतच नाहीत. एका हातानं बॅट बाजूला धरायला लावली. सातव्या सेकंदाला टोक खाली, नवव्याला त्यानं सोडून दिली.

मग गच्चीवर व्हिडिओ. बॉल म्हणून मोज्यांचे गोळे. आता ऐका गंमत.

‘सरांसारखे’ म्हणून मारलेले तीन फटके: बॅट जवळजवळ सपाट. खाली जातच नव्हती!
‘यूट्यूबसारखे’ तीन: मागचा खांदा पडतोय, बॅटचं टोक कंबरेखाली, झाडू मारल्यासारखं वर.
‘विचार न करता’ तीन: यूट्यूबपेक्षा थोडे बरे, पण खांदा पडतोच. आणि तिन्हीत पुढचं कोपर बाहेर, वर आलेलं.

ते पुढचं कोपर बघितलं आणि चपापलो. ते माझं आहे. लहानपणापासून मी त्याला टेनिस बॉलवर शिकवत आलोय, ‘डावं कोपर वर, बॅट सरळ’. क्रिकेटमध्ये उभ्या बॅटीला ते लागतं. इथं बॅट आडवी. सर ‘कोपर वर’ म्हणतात ते मागचं, हा वर करतो पुढचं, कारण ‘कोपर वर’ म्हटलं की त्याच्या कानात बापाचा आवाज येतो. नदीकाठचे म्हणाले ते तीन मास्तर, त्यातला सगळ्यात जुना मीच.

आमच्या धंद्यात एका जॉबला दोन ड्रॉइंग दिली की जॉब स्क्रॅप. इथं तीन दिली होती.

अजून एक गोष्ट डोक्यात आली. वाकलेला बार सरळ करायचा तर तो नुसता सरळ रेषेपर्यंत दाबून चालत नाही, सोडला की परत वाकतो. उलट्या बाजूला जरा जास्तच दाबावा लागतो, मग सोडल्यावर सरळ राहतो. सर तेच करत असतील काय? मग नीट सांगत का नाहीत?

जुने_पीटी_सर | सोमवार, रात्री १०.४०

चाळीस मुलांना नीट सांगायला चाळीस संध्याकाळी लागतात. एक वाक्य ओरडायला एक सेकंद. हे समर्थन नाही. वस्तुस्थिती आहे.

खोडसाळ | सोमवार, रात्री १०.४४

आठ वर्षं क्लब क्रिकेट खेळून पोराचं कोपर बिघडवलं आणि आळ यूट्यूबवर. वा!

मिरजेचा_तंबोरा | मंगळवार, सकाळी ९.२०

खेळातलं कळत नाही, पण आमच्या घरात तंतुवाद्यं बनतात. तंबोऱ्याची जवारी लावताना (तारेखालची घोडी घासून सूर खुलवताना) वडील मला फक्त ‘अजून घास’ म्हणायचे. किती, कुठं, का, काही नाही. चार वर्षांनी कळलं की ते माझ्या हाताला नव्हे, सुराला ऐकून बोलत होते. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. सगळ्या उस्तादांना शब्द सापडतातच असं नाही. तरी फोड येईस्तोवर घासायला लावलं नाही त्यांनी कधी, हेही लिहून ठेवतो.

डेटावाला | मंगळवार, सकाळी ९.५०

विषय निघालाच आहे तर. जपानचा सदाहारू ओ. तिथल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्याचे ८६८ होमरन (थेट मैदानाबाहेर, आपल्या षटकारासारखे) आहेत. पण १९६१ च्या मोसमात त्याचे होमरन होते फक्त १३. पुढच्या वर्षी अराकावा नावाच्या कोचनं त्याला एका पायावर उभं राहून मारायला लावलं, पुढचा पाय बगळ्यासारखा वर घेऊन. तलवारीनं लटकता कागद कापायचा सरावही करून घेतला. १९६२ ला ३८ होमरन. बाहेरून बघणाऱ्याला तो कोच वेडाच वाटला असता, मी तर तेव्हा इथं धागा काढला असता. पण अराकावानं एका ओसाठी एक वेगळं औषध शोधलं. सगळ्या संघाला एका पायावर उभं केलं नाही.

बॅटबद्दल सॉफ्टबॉलवालींना शंभर टक्के अनुमोदन. साधा हिशेब बघा. समजा शाळेतला पिचर ताशी ९० किलोमीटरनं टाकतो, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. हात सुटतो तिथून प्लेटपर्यंत साधारण १७ मीटर. हातात पाऊण सेकंदही नाही. त्यातला काही भाग बॅट फिरवण्यात जातो. बॅट जड असेल तर फिरवायला जास्त वेळ, म्हणजे बॉल कुठं येतोय ते कळायच्या आधीच सुरुवात करावी लागते. मग पोरगं बॉल बघून नाही, अंदाजानं मारतं. असा मुलगा ‘तंत्र चुकतंय’ असाच दिसतो. वाढत्या वयाच्या मुलांना इंचांच्या आकड्यापेक्षा औंसांचा आकडा आठ-दहानं कमी असलेली बॅट देतात. तुमच्या मुलाला ३० इंची, २० ते २२ औंस. म्हणजे फार तर ६२५ ग्रॅम. तो ९१० उचलतोय.

सॉफ्टबॉलवाली | मंगळवार, दुपारी १.३०

वा टर्नर, तुम्ही तर माझ्यापेक्षा नीट मोजलंत. आता सरांकडे जा, पण कसं ते सांगते, कारण इथंच पालक माती खातात.

सराव चालू असताना नाही. मुलांसमोर नाही. मुलाला बरोबर नेऊन नाही. सामान गोळा करताना जा आणि बॅटी उचलू लागा. व्हिडिओ खिशात ठेवा, आधी काढू नका. ‘तुमचं चुकतंय’ किंवा ‘यूट्यूबवर असं आहे’ ही दोन वाक्यं गिळा. एकच विचारा: ‘सर, त्याच्यात तुम्हाला नेमकं काय दिसतंय?’ आणि गप्प राहा. कोचला हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या दहा वर्षांत मला दोन पालकांनी विचारला.

हलकी बॅट घ्यायची असेल तर त्यांना विचारूनच घ्या. स्पर्धेच्या नियमात बसते का, ते त्यांना माहीत असतं. आणि मुलाला सांगा, स्पर्धेपर्यंत मास्तर एकच. यूट्यूब स्पर्धेनंतर.

आई_दोघांची | मंगळवार, दुपारी २.००

आणि पोराला विचारलंत का?

टर्नर_कुपवाड | गुरुवार, रात्री ११.५०

आई, विचारलं. सरांना भेटायच्या आधी नाही, नंतर. आधी विचारायला हवं होतं. सांगतो.

काल साडेसहाला ग्राउंडवर गेलो. सर एकटेच हेल्मेटं पोत्यात भरत होते. पस्तिशीतला माणूस, घसा पूर्ण बसलेला. मी बॅटी गोळा केल्या. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग विचारलं, नेमकं काय दिसतंय?

त्यांनी बॅट घेतली आणि माझ्या पोराची नक्कल केली. हुबेहूब. तो पडणारा खांदा, लोंबणारं टोक, सगळं. म्हणाले, “याला मी सपाट मार म्हटलं की हे असं येतं. म्हणून खाली मार म्हणतो. खाली मारतच नाही तो, बघितलंय मी. पण निदान सरळ तरी येते.” म्हणजे औषधच होतं. मी वाकलेल्या बारचं सांगितलं तर हसले, म्हणाले, “हे पोरांना सांगायला बरंय.”

मग मी शनिवारचा विषय काढला. भिंतीला लागलेला फटका. सरांचा चेहरा बदलला.

“तुम्हाला कुणी सांगितलं फटका मारला म्हणून शिक्षा केली?”

तिसऱ्या बेसवर पळणारा होता, एक आउट, एका धावेची गरज. सरांनी टोपीला हात लावून मग कोपराला लावला. ही बंटची खूण. म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल पायाशी पाडायचा आणि पळणाऱ्यानं घरी, म्हणजे होम प्लेटवर, येऊन धाव काढायची. खूण मिळाल्याबरोबर तिसऱ्या बेसवरचं पोरगं डोळे झाकून धावत सुटलं होतं. आणि आमच्या चिरंजीवांनी सगळा जोर लावून बॅट फिरवली. बॉल त्या पोराच्या कानाजवळून गेला. हेल्मेट घातलेलं नव्हतं त्यानं, दोनच आहेत. फूटभर इकडे असता तर?

मला पुढं काही बोलताच येईना.

शंभर स्विंगांबद्दल मात्र विचारलं. फोड दाखवायला फोटो होता. सर म्हणाले, “शंभर म्हटलं होतं, साठाला थांबवलं.” थोडं थांबून म्हणाले, “त्या बॅटीनं साठसुद्धा जास्तच.” माफी वगैरे नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. पण सगळ्यांसमोर ‘येऊ नको’ म्हणालात ते पोराला लागलं, एवढं मी सांगून घेतलं. त्यावर त्यांनी पोत्याची गाठ मारली आणि ‘बघू’ म्हणाले.

घरी येऊन पोराला विचारलं, खूण दिसली होती का? बराच वेळ नखं कुरतडत बसला. मग म्हणाला, दिसली होती. “पण बाबा, बंट केलं की कुणी टाळ्या वाजवत नाही.”

काय बोलणार. मीही आठ वर्षं क्लबात खेळताना षटकार ठोकायलाच जात होतो.

जुने_पीटी_सर | शुक्रवार, सकाळी ६.३०

दोनच हेल्मेट असताना पळणाऱ्याला हेल्मेटविना स्क्वीझ (बंटवर तिसऱ्या बेसवरून धाव काढायची हीच चाल) खेळवणे ही मात्र त्या शिक्षकाची चूक. गंभीर चूक. सरावातसुद्धा. माझ्या वतीने सांगा त्यांना. सांगता येत नसेल तर दोन हेल्मेट घेऊन द्या.

खोडसाळ | शुक्रवार, सकाळी ८.१५

या धाग्यावर मी शनिवारी सरांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या होत्या. परत घेतो. तीन.

टर्नर_कुपवाड | पुढच्या रविवारी, रात्री ९.००

थोडी प्रगती. शाळेच्या बॅटीवरचे वरचे दोन थर काढले, सरांच्या परवानगीनं. मूठ हातात मावायला लागली. हलकी बॅट मागवलीय, ३० इंच २२ औंस, सरांनी नियम बघून हो म्हटलं.

दरम्यान वर्कशॉपमध्ये एक टी बनवली. बॉल ठेवून मारायचा खांब. खाली आठ इंची गोल प्लेट, त्यावर दीड इंची पाइप, आत सव्वा इंची सरकता पाइप म्हणजे उंची कमी-जास्त होते. टोकाला रबराचा होज चार इंच, म्हणजे बॅट लागली तरी वाजत नाही. पहिल्या वेळी होज ऐवजी लोखंडच ठेवलं होतं, पहिल्याच फटक्याला पोराच्या मनगटापासून दातापर्यंत सणक गेली. मग अक्कल आली.

बॉल छातीच्या उंचीवर ठेवून रोज पन्नास. खांदा पडला की बॅट बॉलऐवजी होजला लागते, धप्प आवाज येतो. कुणी काही सांगावं लागत नाही. मी खुर्ची टाकून बसतो आणि तोंड उघडत नाही, हे सगळ्यात अवघड.

सॉफ्टबॉलवाली | पुढच्या रविवारी, रात्री ९.२५

धप्प आवाज! हे मी चोरणार. माझ्या मुलींना मी वर्षभर ‘खांदा, खांदा’ ओरडतेय.

एकच: सगळे पन्नास छातीच्या उंचीवर नको. गुडघ्याच्या, आतल्या, बाहेरच्या, सगळ्या जागा फिरवा. नाहीतर तेवढाच एक बॉल मारायला शिकेल.

टर्नर_कुपवाड | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.३०

धागा वर काढतो. जिल्हा स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत हरलो, ४-३.

पोरगं चार वेळा बॅटिंगला आलं. एक स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). एक उंच उडाला, झेल. एक सणसणीत, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) आणि तिसऱ्या बेसच्या मधून, जमिनीलगत. पीटी सर, खडा लागला नाही, तरी गेला! आणि शेवटच्या डावात तिसऱ्या बेसवर पळणारा, सरांचा हात टोपीला, मग कोपराला.

मी पॅव्हेलियनच्या पायरीवर बसलो होतो, जागेवरून उठलोच. पोरानं सरांकडे बघितलं, बॅट आडवी केली, बॉल पायाशी पाडला. पळणारा घरी. तिसरा रन तोच. पळणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, दोन नवीन घेतलीत, पालकांनी वर्गणी काढून.

सर अजून ओरडतात. कालही कुणाला तरी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणाले, तो आज आला होता. बंट झाल्यावर टाळ्या मात्र एकट्या सरांनी वाजवल्या, एवढं मी बघितलं.

नदीकाठचा | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.४१

एकदम बेस. पोराला भडंग घिऊन द्या माझ्याकडनं.

डेटावाला | रविवार, पहाटे ५.५०

त्या जमिनीलगतच्या फटक्याचा व्हिडिओ आहे का? कोन मोजायचाय.

खोडसाळ | रविवार, सकाळी ९.१०

टर्नरशेठ, त्या टीची ऑर्डर घेता का? भाचा बेसबॉलला घातलाय. सांगू नका कुणाला.

टर्नर_कुपवाड | रविवार, सकाळी ११.००

तुमची पाचवी. सरांनी शाळेसाठी चार सांगितल्यात. तयार आहेत, पावडर कोटिंगला गेल्यात. पैसे कधी मिळणार ते सर पण सांगत नाहीत आणि मी पण विचारत नाही.